ठिपका कुणाचा?

जून उजाडतो, कॉलेजं सुरू होतात आणि मायक्रोस्कोप दुरुस्त करणाऱ्याच्या फोनवर एकच वाक्य वेगवेगळ्या आवाजांत ऐकू येऊ लागतं. "चाळीसची लेन्स गेलीये. नवी केवढ्याला पडेल?" विचारणारा कधी प्रयोगशाळा परिचर असतो, कधी जीवशास्त्राच्या मॅडम असतात, कधी तालुक्याच्या गावातला लॅबवाला. मुरलेला दुरुस्तीवाला किंमत सांगत नाही. तो उलट विचारतो, "दहावर स्वच्छ दिसतंय का?" दिसतंय. "आणि शंभरवर?" शंभरवरही काही दिसत नाही म्हटल्यावर तो सांगतो, "मग स्लाइड पालथी करून ठेवा आणि बघा." पुष्कळदा त्यानंतर फोन येतच नाही. त्याची फेरी बुडते, फी बुडते, पण मुलांचं प्रॅक्टिकल वाचतं.

या फोनवरच्या निदानात जादू काही नाही, मिलिमीटरांचा हिशोब आहे. नमुना स्पष्ट दिसत असताना दहाच्या ऑब्जेक्टिव्हचं, म्हणजे नमुन्याकडच्या दहापट भिंगाचं, टोक आणि नमुना यांच्यात कित्येक मिलिमीटर मोकळे असतात. चाळीसला साधारण अर्धा मिलिमीटर उरतो आणि शंभरला मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. स्लाइडची काच स्वतःच एक मिलिमीटरच्या आसपास जाड असते. ती चुकून उलटी ठेवली गेली, म्हणजे नमुन्यावरची पातळ कव्हरस्लिप खाली आणि जाड काच वर, तर दहाला पत्ताही लागत नाही. चाळीस आणि शंभर मात्र काचेला टेकले तरी नमुन्यापर्यंत पोचत नाहीत. म्हणून दोन्ही अडले की संशय स्लाइडवर. शंभरवर दिसतंय आणि नेमकं चाळीसवरच धुकं आहे, असं उत्तर आलं की गोष्ट वेगळी; तिथे त्याला पिशवी उचलून निघावं लागतं. ती गोष्ट पुढे येईलच.

प्रयोगशाळेत पोचल्यावर त्याचं पहिलं काम पेचकस काढण्याचं नसतं. दृश्यात जे काही दिसतंय ते कुणाचं आहे, हे आधी ठरवायचं असतं. समजा, गोल उजेडात एक काळा ठिपका आहे. स्लाइड सरकवली आणि ठिपका सरकला, तर तो नमुन्यातला. तो जागचा हलला नाही, तर आयपीस, म्हणजे डोळ्याकडचं भिंग, बोटांनी हलकेच फिरवायचा. सोबत ठिपकाही फिरला, तर धूळ आयपीसवर. नमुन्यावर उजेड एकवटणारा कंडेन्सर किंचित खाली-वर करताना ठिपका पुसट होतो, पुन्हा ठसठशीत होतो, असं झालं तर कचरा कंडेन्सरच्या किंवा दिव्यावरच्या काचेवर बसलाय. आणि नजर वळवली की एखादा लांबट धागा हळूच वाहत जातो, थांबवायला गेलं की आणखी पळतो, तर तो पाहणाऱ्याच्याच डोळ्यातला. असे धागे जवळपास सगळ्यांच्या डोळ्यांत असतात. झगझगीत उजेडात ते दिसू लागतात इतकंच. पाण्यात सापडलेला नवा सूक्ष्मजीव म्हणून त्यांची चित्रं जर्नलमध्ये काढणारे विद्यार्थी दरवर्षी निघतात. हवेच्या बुडबुड्यांची चित्रं काढणारे तर त्याहून जास्त. जाड काळी कडा आणि आत लख्ख उजेड, इतका रेखीव गोल निसर्गात क्वचितच मिळतो, हे मुलांना कोणीतरी सांगायला हवं.

या यादीत ऑब्जेक्टिव्हचं नाव आलं नाही, हे विसरून झालेलं नाही. ऑब्जेक्टिव्हच्या टोकावरची घाण सहसा ठिपका म्हणून दिसतच नाही. ती सगळ्या चित्रावर दुधाळ पडदा ओढते. म्हणूनच तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही आणि भिंग म्हातारं झालं असं समजून नव्याचा विचार सुरू होतो.

ठिपका कुणाचा, या प्रश्नाने मोठमोठ्या लोकांना चकवलेलं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत अनेक अभ्यासक छातीठोकपणे सांगत होते की प्राण्यांच्या शरीरातला प्रत्येक भाग एकसारख्या इवल्या गोळ्यांचा बनलेला असतो. स्नायू घ्या, चेतातंतू घ्या, सगळीकडे त्याच गोळ्या. फ्रान्सचे मिल्न-एडवर्ड्स यांनी १८२३मध्ये त्या गोळीचं मापही दिलं होतं: मिलिमीटरचा तीनशेवा भाग. पुढे १८२७मध्ये लंडनच्या थॉमस हॉजकिन आणि जोसेफ जॅक्सन लिस्टर या दोघांनी सुधारलेल्या भिंगांतून त्याच गोष्टी पाहिल्या आणि गोळ्या दिसेनाशा झाल्या. स्नायूंत आडव्या रेघा दिसल्या, रक्तातल्या तांबड्या पेशी दोन्ही बाजूंनी खोलगट असलेल्या चकत्या निघाल्या. गोळ्यांचं जनकत्व शरीराकडे कमी आणि भिंगाकडे जास्त होतं. हॉजकिन यांचं नाव पुढे एका आजाराला मिळालं. लिस्टर व्यवसायाने दारूचे व्यापारी, भिंगं हा त्यांचा छंद. त्यांचा मुलगा म्हणजे जंतुनाशक वापरून शस्त्रक्रिया करण्याची पद्धत रुजवणारा जोसेफ लिस्टर.

भिंगाने गोळ्या कशा बनवल्या? गोलाकार घासलेल्या भिंगाच्या कडेतून जाणारे किरण मधून जाणाऱ्या किरणांपेक्षा भिंगाच्या जवळ एकत्र येतात. त्यामुळे बिंदूचं चित्र बिंदू उरत नाही, त्याच्याभोवती वलय पसरतं. शिवाय निळा प्रकाश तांबड्यापेक्षा जास्त वळतो, म्हणून प्रत्येक कडेला रंगीत झालर. ही झालर कधी जाणार नाही असं न्यूटनला वाटलं आणि त्याने दुर्बिणीतून भिंगच काढून आरसा बसवला. प्रत्यक्षात क्राउन काचेचं फुगीर भिंग आणि फ्लिंट काचेचं खोलगट भिंग एकमेकांना जोडलं की दोन रंग एका जागी आणता येतात. लंडनच्या जॉन डॉलंडला अशा दुर्बिणीच्या भिंगाचं पेटंट १७५८मध्ये मिळालं. सूक्ष्मदर्शकाची भिंगं मात्र डाळीच्या दाण्याएवढी. तिथे तीच युक्ती नीट साधायला आणखी सत्तर वर्षं लागली. एक जोडी दुसऱ्या जोडीपासून नेमक्या किती अंतरावर ठेवली की दोघींचे दोष एकमेकांना खाऊन टाकतात, याचा हिशोब लिस्टर यांनी १८३०मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडला.

आजही कॉलेजातल्या चाळीसच्या ऑब्जेक्टिव्हमध्ये अशा इवल्या भिंगांची रांग ठरावीक अंतरांवर बसवलेली असते. म्हणून जाणकार दुरुस्तीवाला ऑब्जेक्टिव्ह उघडत नाही. ज्याने उघडलं आणि 'आतून पुसून' पुन्हा बसवलं, त्याने नेमकी ती अंतरंच बिघडवली. असं ऑब्जेक्टिव्ह बाहेरून कोरं करकरीत दिसतं आणि चित्र १८२० सालचं देतं.

ऑब्जेक्टिव्हच्या नळीवर कोरलेले आकडे हाच त्याचा जन्मदाखला. लाल पट्टी चारची, पिवळी दहाची, फिकट निळी चाळीसची आणि पांढरी शंभरची, इतकं बहुतेकांना ठाऊक असतं. त्यापुढचं कोणी वाचत नाही. चाळीसवर साधारणपणे '४०/०.६५' आणि खाली '१६०/०.१७' असं असतं. १६० म्हणजे ज्या नळीसाठी ते बनवलं तिची मिलिमीटरमधली लांबी. ०.१७ म्हणजे त्याने गृहीत धरलेली कव्हरस्लिपची जाडी, तीही मिलिमीटरमध्ये. नव्या पद्धतीच्या मायक्रोस्कोपांत १६०च्या जागी आडव्या आठासारखी अनंताची खूण असते. अशा ऑब्जेक्टिव्हमधून किरण समांतर बाहेर पडतात आणि नळीतलं आणखी एक भिंग त्यांचं चित्र बनवतं. घोटाळा होतो तो इथे. दोन्ही प्रकारांचे आटे बहुधा एकच असतात. लंडनच्या सूक्ष्मदर्शक मंडळींनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ठरवलेले, २०.३२ मिलिमीटर व्यासाचे. त्यामुळे बाजारातून 'चाळीसची लेन्स' आणली की ती छान घट्ट बसते. बसली म्हणजे जमली, असं समजून बिल मंजूर होतं आणि मग चित्र कधी जुळतच नाही. इथे भिंगही निर्दोष असतं आणि मायक्रोस्कोपही. एकमेकांशी त्यांचं पटत नाही, एवढंच.

राहिला ०.६५ हा आकडा. खरं तर तो सगळ्यांत महत्त्वाचा. नमुन्यातून सगळ्या दिशांनी पसरणाऱ्या प्रकाशाचा केवढा शंकू भिंग आत घेऊ शकतं, त्याचं हे माप. येना शहरात कार्ल झाइसच्या कारखान्यासाठी काम करणाऱ्या अर्न्स्ट अ‍ॅबे यांनी १८७३मध्ये दाखवून दिलं की दोन रेघा वेगवेगळ्या दिसण्याची मर्यादा वर्धनावर ठरत नाही, या शंकूवर ठरते. प्रकाशाच्या तरंगलांबीला या आकड्याच्या दुपटीने भागायचं. हिरवट उजेडाची लांबी ०.५५ मायक्रॉन धरली, तर ०.२५ आकड्याच्या दहाच्या ऑब्जेक्टिव्हला १.१ मायक्रॉनपर्यंतचा तपशील दिसतो, चाळीसला साधारण ०.४२ आणि १.२५च्या शंभरला ०.२२. येनाच्या विद्यापीठाबाहेर अ‍ॅबे यांच्या स्मारकावर हेच सूत्र कोरलेलं आहे.

ऑब्जेक्टिव्ह नळीत वरच्या बाजूला एक उलटं, खरंखुरं चित्र बनवतं. स्लाइड डावीकडे ढकलली की चित्र उजवीकडे जातं ते यामुळे. आयपीस त्या चित्राकडे पाहण्याचं नुसतं वाचनभिंग. ऑब्जेक्टिव्हने जो तपशील पकडलाच नाही, तो आयपीस कुठून आणणार? तरीही 'दोन हजारपट दिसेल' म्हणून वीसचे आयपीस विकले जातात आणि घेतलेही जातात. १.२५च्या ऑब्जेक्टिव्हला बारा-साडेबाराशेपटीच्या पुढे नेलं की धूसरपणाच मोठा होतो. शाळेच्या खरेदी समितीला हे पटवणं भिंग साफ करण्यापेक्षा अवघड असतं.

आता ते चाळीसवरचं धुकं. शंभरचं ऑब्जेक्टिव्ह तेलात बुडवून वापरायचं असतं, चाळीसचं कोरडं. रक्ताची स्लाइड तेल घालून शंभरवर पाहिली, मग 'जरा चाळीसवर बघू' म्हणून ऑब्जेक्टिव्हं बसवलेलं नोजपीस मागे फिरवलं, की चाळीसचं टोक तेलाच्या थेंबातून घासत जातं. कोणाला कळत नाही. तेल वाळतं, त्यावर धूळ बसते आणि दोन महिन्यांनी लेन्स 'जाते'. तपासायची सोपी रीत अशी: ऑब्जेक्टिव्ह काढायचं, एक आयपीस काढून उलटा धरायचा आणि त्याच्यातून ऑब्जेक्टिव्हचं टोक उजेडात तिरपं करून पाहायचं. उलटा आयपीस म्हणजे फुकटचं, उत्तम भिंग. तेलाचा पापुद्रा त्यात लगेच दिसतो.

साफ करायचं तेही बेताने. आधी फुंकणीने धूळ उडवायची, कारण धुळीत वाळूचे कण असतात आणि ते चोळले की ओरखडे उठतात. मग लेन्स पेपरची गुंडाळी, तिच्या टोकाला इथर आणि अल्कोहोलच्या मिश्रणाचा ओलावा, टिपूस नाही, आणि मधून कडेकडे गोल. शर्टाचं टोक, रुमाल, टिश्यू पेपर यांतलं काही नाही. झायलीन तेल चटकन काढतं, पण भिंगाला भिजवावं इतकं वापरलं तर जुन्या ऑब्जेक्टिव्हमध्ये भिंगं जोडणाऱ्या बाल्समपर्यंत पोचतं. जोड सुटला की भिंगात इंद्रधनुषी डाग पसरतो आणि तो आतला असतो. त्यावर इलाज नाही.

टोक स्वच्छ असूनही चाळीसवर अंधुक दिसत असेल, तर ०.१७ आठवायचं. घाईत दोन कव्हरस्लिपा चिकटलेल्या तशाच ठेवल्या गेल्या असतील. किंवा कव्हरस्लिपच नसेल. रक्ताच्या वाळलेल्या फिल्मवर ती सहसा नसतेच. ऑब्जेक्टिव्ह घडवणाऱ्याने त्या पातळ काचेचा हिशोब आधीच मांडून ठेवलेला असतो. काच नसली की तो हिशोब चुकतो आणि वर सांगितलेला कडेच्या किरणांचा दोष परत डोकं वर काढतो. फिल्मवर तेलाचा थेंब, त्यावर कव्हरस्लिप आणि मग कोरडं चाळीस, असं केलं की तीच स्लाइड एकदम उघडते. लॅब टेक्निशियन मंडळींच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य अशा वेळी पाहण्यासारखं असतं. आजवर आपण भिंगाला नावं ठेवत होतो, हे त्यांचं तेच बोलून टाकतात.

आणि एक तक्रार अशी, की जिथे काही बिघडलेलंच नसतं: 'मध्ये दिसतं, कडेला दिसत नाही'. साध्या ऑब्जेक्टिव्हचं चित्र सपाट नसतं, वाटीसारखं वळलेलं असतं. मध्य जुळवला की कडा सुटते, कडा जुळवली की मध्य. सपाट चित्र हवं असेल तर 'प्लॅन' लिहिलेलं ऑब्जेक्टिव्ह घ्यावं आणि त्याचे पैसे मोजावेत. नाहीतर फाइन नॉबवर बोट ठेवून बघायची सवय लावावी. जुने सूक्ष्मदर्शकवाले सतत तो नॉब किंचित मागे-पुढे करत असतात. रक्तातल्या तांबड्या पेशीवर रंगाचा कण पडलेला आहे की पेशीत मलेरियाचा परजीवी आहे, हा निवाडाही बराचसा त्या बोटावर असतो. रंगाचा कण पेशीच्या वरच्या पातळीवर चकाकतो आणि नॉब फिरवला की पेशी पुसट होत असताना तो ठसठशीत होतो.

पण भिंगांना एवढी दूषणं मिळत असताना खरा अपराधी बहुतेक वेळा स्टेजच्या खाली, कोणाच्या नजरेस न पडता बसलेला असतो. तो म्हणजे कंडेन्सर. सेमिस्टरच्या मध्यावर कुठल्याही प्रयोगशाळेत जाऊन ओळीने मायक्रोस्कोप बघत गेलं, तर अर्ध्यांचे कंडेन्सर तळाला टेकलेले आणि त्यातला झडपेसारखा डायफ्रॅम जवळजवळ मिटलेला सापडेल. कोणी केलं? उजेड डोळ्यांना लागला म्हणून कोणीतरी, केव्हातरी. डायफ्रॅमला नळाची तोटी समजून उजेड कमी-जास्त करणं, हा या यंत्राशी होणारा सर्वांत मोठा अन्याय आहे. उजेड कमी करायला दिव्याचा नॉब असतो.

गंमत अशी की डायफ्रॅम मिटल्यावर चित्र आधी सुधारल्यासारखं वाटतं. कडा काळ्याभोर उठतात, सगळं रेखीव दिसतं, आणि वापरणारा खूश होतो. झालेलं असतं असं, की नमुन्यावर येणारा प्रकाशाचा शंकू बारीक झाला. अ‍ॅबेच्या हिशोबात शंकूला दोन बाजू आहेत, एक वरून भिंगाची आणि एक खालून कंडेन्सरची. खालची आवळली की वरच्या १.२५ला काही अर्थ उरत नाही. पैसे शंभरच्या लेन्सचे आणि तपशील त्याच्या जेमतेम निम्मा. त्या ठसठशीत काळ्या कडा बारकाईने पाहिल्या तर दुहेरी, तिहेरी असतात. त्या नमुन्याच्या नाहीत, प्रकाशाच्या आहेत. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न.

नेमकं किती उघडायचं, याची एक जुनी रीत आहे आणि तिला कुठलंही उपकरण लागत नाही. नमुना जुळवायचा, आयपीस काढून टाकायचा आणि उघड्या नळीतून थेट खाली बघायचं. ऑब्जेक्टिव्हच्या मागच्या बाजूला उजेडाची एक गोल चकती दिसते. डायफ्रॅम हलवला की चकती लहान-मोठी होते. तिने वर्तुळाचा साधारण तीन-चतुर्थांश भाग भरला की थांबायचं आणि आयपीस परत लावायचा. रंगवलेल्या स्लाइडला हे प्रमाण चालतं. लघवीतले कास्ट किंवा हायड्रिलाचं बिनरंगाचं पान पाहताना मात्र जरा जास्त मिटावं लागतं, कारण तिथे फरकच मुळात पुसट असतो. तपशील आणि उठाव यांतलं काय किती सोडायचं, हा सौदा प्रत्येक स्लाइडला नव्याने करायचा असतो. शिकवताना मात्र कंडेन्सरला दोन ओळी मिळतात आणि भागांची नावं लिहिलेल्या आकृतीला पाच गुण.

दिव्याची तार चित्रात दिसू नये आणि उजेड सगळीकडे सारखा पडावा, यासाठी ऑगस्ट कोलर या जर्मन अभ्यासकाने १८९३मध्ये काढलेली जुळणीची पद्धत आजही चांगल्या मायक्रोस्कोपांत वापरली जाते. आरशाच्या जुन्या मायक्रोस्कोपाला तेवढं लागत नाही. त्याच्या आरशाची एक बाजू सपाट, एक खोलगट. कंडेन्सर असेल तर सपाट, नसेल तर खोलगट, हे एवढं पाळलं आणि खिडकीतून उत्तरेचा उजेड घेतला, तर वीज गेली असतानाही काम अडत नाही.

तेलाचं प्रकरण क्षयरोगाच्या तपासणीत सर्वांत जवळून दिसतं. काचेतून हवेत शिरताना ४१ अंशांपलीकडचा किरण बाहेर पडतच नाही, काचेतच परत फिरतो. स्लाइड आणि भिंग यांच्यातली हवा काढून काचेसारखंच वळण देणारं तेल भरलं, की असे वाया जाणारे किरण भिंगात शिरतात. अशी ऑब्जेक्टिव्हं झाइसने १८७८च्या सुमारास बाजारात आणली. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू जाहीर केला, तेव्हा त्यांच्या टेबलावर तेलाचं ऑब्जेक्टिव्ह आणि अ‍ॅबेचा कंडेन्सर ही दोन्ही साधनं होती. तो जंतू काही मायक्रॉन लांब, पण जाडीला अर्ध्या मायक्रॉनच्या आतच. म्हणजे प्रकाश जिथे हात टेकतो त्या सीमेच्या अगदी जवळचा. आपल्याकडे बेडक्याच्या रंगवलेल्या स्लाइडवर १०० दृश्यक्षेत्रं पाहिल्याशिवाय 'जंतू नाहीत' असं लिहायचं नसतं. तेलाच्या जागी काहीतरी भलतंच असेल, तर शंभराची दोनशे क्षेत्रं पाहूनही उपयोग नाही.

आणि भलतंच असतं. इमर्शन ऑइलची वळण देण्याची क्षमता १.५१५, काचेच्या जवळपास तेवढीच. औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन १.४७च्या आसपास, खोबरेल तेल १.४५. बाटली संपली आणि नवी यायला वेळ आहे, म्हणून कोणी पॅराफिन घालतं, कोणी खोबरेल. चित्र दिसतं, पण मऊ पडतं, आणि क्षयजंतूंच्या बारीक लाल काड्या पार्श्वभूमीच्या निळ्यात विरघळतात. शिवाय नाशिककडच्या डिसेंबरच्या सकाळी खोबरेल गोठतं, ते वेगळंच. जुनं सिडारवुड तेल निराळा त्रास देतं. ते वाळून वार्निशासारखं घट्ट होतं आणि शंभरच्या ऑब्जेक्टिव्हचं स्प्रिंगवर मागे सरकणारं टोक आतच अडकवून ठेवतं. मग कितीही फाइन फिरवा, काही जुळत नाही. इथेही निकाल तोच निघतो की लेन्स गेली. दुरुस्तीवाला टोकाभोवती झायलीनचा ओलावा धरतो, बोटाने हलकेच दाबतो, टोक टक करून बाहेर येतं आणि काम संपतं.

कोकणात या सगळ्यावर बुरशीची भर. जुलै-ऑगस्टमध्ये रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या प्रयोगशाळेत प्लॅस्टिकचं आवरण घातलेला, लाकडी कपाटात बंद केलेला मायक्रोस्कोप म्हणजे बुरशीला अंधार, दमट हवा आणि शांतता, तिन्ही एकत्र. भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक फांद्या उमटतात. लवकर पाहिलं तर त्या पुसून निघतात. उशीर झाला तर बुरशीने सोडलेलं आम्ल भिंगावरचा लेप खातं आणि बुरशी गेली तरी तिचा नकाशा कायम राहतो. उपाय फार महागडा नाही. पावसाळ्यात प्लॅस्टिकचं आवरण काढून टाकायचं, ऑब्जेक्टिव्हं आणि आयपीस घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवायचे आणि जेलचा निळा रंग गुलाबी झाला की ते तापवून पुन्हा निळं करायचं. पूर्वी कपाटात एक छोटा बल्ब सतत जळत ठेवत. एलईडी आल्यावर काटकसर म्हणून पुष्कळ ठिकाणी तिथेही एलईडी लावले गेले. त्यांनी उजेड दिला, ऊब दिली नाही, आणि बुरशीला ऊबच नको होती.

भारतातल्या घामाने आणि दमटपणाने यंत्राचं काय होतं, याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला रोनाल्ड रॉस यांचा. ऑगस्ट १८९७मध्ये सिकंदराबादला ते डासांची पोटं उघडून पाहत होते. पंखा चालवावा तर कापलेले डास उडून जात. घामाने मायक्रोस्कोपचे स्क्रू गंजले होते आणि उरलेला एकमेव आयपीस चिरलेला होता, असं त्यांनीच पुढे लिहून ठेवलं. त्याच यंत्रावर २० ऑगस्टला त्यांना डासाच्या पोटाच्या भिंतीत मलेरियाच्या काळ्या रंगकणांच्या पेशी सापडल्या. चिरलेल्या आयपीसने हे कसं साधलं, याचं नवल दुरुस्तीवाल्याला कमी वाटतं. आयपीस वाचनभिंगाचं काम करत होता आणि तपशील खालून, ऑब्जेक्टिव्हकडून येत होता. रॉस यांच्यापाशी दुसरीही एक गोष्ट होती, जी कुठल्याच दुरुस्तीने मिळत नाही. डासाच्या पोटातलं नेहमीचं काय आणि नवं काय, हे त्यांना दोन वर्षं पाहून पाहून पाठ झालेलं होतं.

उरलेल्या तक्रारी यंत्राच्या, भिंगांच्या नव्हेत. हात सोडला की स्टेज आपोआप खाली उतरते आणि चित्र पुसट होत जातं: कोर्स नॉबजवळची ताण देणारी कडी आवळली की झालं. त्याआधी दातेरी पट्टीत शिवणयंत्राचं तेल घातलेलं असेल तर ते पुसून घट्ट ग्रीस भरावं लागतं, कारण तिथे घसरणं नको असतं, धरून ठेवणं हवं असतं. अर्धं चित्र अंधारात: नोजपीस टक आवाज होईपर्यंत फिरलेलं नाही. हॅलोजनचा दिवा सारखा उडतो: बदलताना कोणीतरी काचेला बोट लावलं, त्या बोटाचं तेल तापून काच तडकते. दोन डोळ्यांना दोन चित्रं: आधी आयपीसमधलं अंतर आणि डाव्या बाजूची कडी ज्याची त्याने जुळवून पाहायची, तरीही दोनच दिसली तर मायक्रोस्कोप कधीतरी पडलेला आहे आणि आतला प्रिझम सरकलेला आहे. 'पडला नव्हता' असं सगळेच सांगतात. प्रिझम बाकावर जुळवायचं काम असतं, ते प्रयोगशाळेच्या टेबलावर करू नये, आणि कोणी लगेच करून देतो म्हणालाच तर त्याला चहा पाजून परत पाठवावं.

कधीकधी मात्र सांगावंच लागतं की हा आता होणार नाही. बाल्सम सुटलेलं शंभर, लेप खाल्लेला कंडेन्सर आणि सरकलेला प्रिझम एकाच मायक्रोस्कोपात जमले, तर दुरुस्तीचा खर्च अंबाल्याहून येणाऱ्या साध्या नव्या मायक्रोस्कोपाच्या आसपास जातो. खासगी लॅब असेल तर तो तिथल्या तिथे बाजूला होतो. अनुदानित कॉलेज असेल तर तो जडवस्तू संग्रह नोंदवहीत असतो. त्याचं निर्लेखन व्हायला समिती लागते, समितीला बैठक लागते, आणि तोपर्यंत तो कपाटाच्या वरच्या फळीवर पूर्ण आकारात उभा असला पाहिजे. परिचर हे उत्तम जाणून असतात. कपाटातल्या अशा यंत्रांची संख्या नोंदवहीशी तंतोतंत जुळते. फक्त कोणाचं दहाचं ऑब्जेक्टिव्ह नसतं, कोणाचा आरसा, कोणाच्या स्टेजवरच्या क्लिपा. आणि खालच्या टेबलांवर मुलं ज्यांच्यातून कांद्याचा पापुद्रा पाहत असतात, त्या मायक्रोस्कोपांचे काही भाग एका रंगाचे असतात, काही दुसऱ्या.